दोन देशांतल्या पालिका समुद्राबद्दल आपापसात करार करू शकतात का?

नकाशावेडा: प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतो. सागरी हद्द, मासेमारीचे हक्क सगळं देशाच्या सरकारकडे असतं, मग किनाऱ्यावरच्या गावाने शेजारच्या देशातल्या गावाशी बोलून नेमकं काय साधतं? की नुसते फोटो आणि सह्या?

खारावारा: हद्दीला हात लावता येत नाही हे बरोबर. पण सांडपाणी, बंदरातला कचरा, किनाऱ्याची साफसफाई हे बऱ्याच ठिकाणी पालिकेच्याच गळ्यात असतं. युरोपात तर १९८० चा माद्रिद करारच आहे, सीमेपलीकडच्या स्थानिक संस्थांनी एकत्र काम करावं म्हणून, अर्थात आपल्या देशाच्या कायद्याने जेवढे अधिकार दिलेत तेवढ्यातच. आशियात २००६ पासून पीएनएलजी नावाचं स्थानिक सरकारांचं नेटवर्क आहे, चीनमधलं शियामेन, फिलिपिन्समधलं बातांगास वगैरे त्यात, आणि ही दोन्ही ठिकाणं १९९० च्या दशकापासून किनारा व्यवस्थापनाचे प्रयोग करतायत.

ओहोटीभरती: फोटो-सह्या खूप होतात, खोटं कशाला बोला. पण किमो बघा, उत्तर समुद्राच्या आसपासच्या पालिकांनी १९९० मध्ये काढलेली संघटना. त्यांचं मच्छीमारांसोबतचं काम मला सगळ्यात आवडतं. बोटीवर मोठ्या पिशव्या देतात, जाळ्यात आलेला कचरा परत समुद्रात न टाकता त्यात भरायचा, बंदरावर उतरवायचा, आणि मच्छीमाराला एक पैसा पडत नाही. सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे, कारण पैसे लागले असते तर कोण कशाला आणेल?

नकाशावेडा: मग ते पैसे भरतं कोण?

ओहोटीभरती: कुठे पालिका, कुठे बंदर, कुठे सरकारी निधी. २०१९ च्या युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे जाळ्यात चुकून आलेल्या कचऱ्यासाठी बोटीकडून थेट फी घेता येत नाही, त्यामुळे आता तिथे हा मुद्दा नुसत्या चांगुलपणावर राहिलेला नाही.

खारावारा: मर्यादा पण सांगायला पाहिजे. जानेवारी २०१९ ला एमएससी झोई जहाजावरून वादळात ३४२ कंटेनर पडले, नेदरलँड्सच्या बेटांवर खेळणी, बूट, प्लास्टिकचे दाणे वाहून आले, जर्मनीच्या बेटांनाही फटका बसला. उपसायला स्थानिक लोक आणि पालिका, पण जहाजाने कुठल्या मार्गाने जायचं ते ठरणार आंतरराष्ट्रीय पातळीवर. तिथे एकट्या बेटाला कोण विचारतो, दोन्हीकडच्यांनी मिळून आपापल्या सरकारच्या मागे लागलं तर निदान फाइल हलते.