नकोशी नोकरी रोज कशी निभावता? तुमचे अनुभव लिहा

नोकरी आवडत नाही म्हटलं की दोनच सल्ले मिळतात: "सोडून दे" नाहीतर "मन रमव". डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला पहिला झेपत नाही आणि दुसरा ठरवून जमत नाही. मधल्या काळात रोज सकाळी बॅग उचलून तुम्ही नेमकं काय करता, ते इथे लिहा. लहानसहान वाटलं तरी लिहा. सुरुवात मी करतो.

अकरा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. हेडक्वार्टर जालना, परतूर, मंठा, लोणार ही माझी गावं. औषधाबद्दल सांगायला मला आवडतं, मागायला नाही. दवाखान्यात तासभर थांबल्यावर आत दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात "सर, या महिन्यात थोडा सपोर्ट" म्हणताना आजही जीभ जड होते. त्याहून वाईट महिनाअखेर. क्लोजिंगला टार्गेट भरायचं म्हणून स्टॉकिस्टच्या, म्हणजे आमच्या घाऊक विक्रेत्याच्या गळ्यात माल मारायचा, आणि तोच माल पुढे एक्स्पायरी होऊन परत. पहिली तीन वर्षं पंचवीस तारखेनंतर मला जेवण जात नसे.

बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, साठ हप्ते. कपाटाच्या दाराला आतून साठ चौकोनांचा कागद चिकटवला. हप्ता गेला की आई एक चौकोन खोडायची. ही नोकरी कशासाठी करतोय ते कपाट उघडलं की दिसायचं.

दुपारी ओपीडी बंद असते. तो वेळ आम्ही सगळे टपरीवर मॅनेजरला शिव्या घालण्यात घालवायचो. मन हलकं होतंय असं वाटायचं, पण संध्याकाळी डॉक्टरांच्या भेटीला मी जास्तच कडवट होऊन जायचो. मी तिथून उठलो आणि गावातल्या वाचनालयात बसू लागलो.

सगळ्यात अवघड गेलं ते मॅनेजरला सांगणं, की स्टॉकिस्टकडे जेवढं खपतं त्याहून जास्त मी टाकणार नाही. आकडे समोर ठेवले. इन्सेन्टिव्ह गेला, दोनदा ताकीदपत्र आलं. हप्ते संपले की दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा असं ठरवलं होतं. दिला नाही. पण फोन वाजला की पोटात यायचा तो गोळा आता येत नाही.

तासिका तत्त्वावर प्राध्यापक, विदर्भ
दादा, माझं थोडं वेगळं आहे. मला शिकवणं मनापासून आवडतं. नेट झालंय, पीएचडी झाली. नकोसं आहे ते बाकीचं: सुट्टीचा पगार नाही, बिलं महिनोन्‌महिने अडकतात, जूनमध्ये परत मुलाखत. कायम होण्याच्या आशेने मी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली रात्री जागून केल्या. दोन वर्षांपूर्वी ते थांबवलं. तास संपला की घरी. त्यानंतर माझा वर्ग सुधारला, हे मला खात्रीने सांगता येतं.

बँकेत अधिकारी, कोकण
विमा विकायचं टार्गेट सोडलं तर बरी आहे नोकरी. एफडी मोडायला आलेल्या आजींना पॉलिसी सुचवायची म्हणजे मला स्वतःची लाज वाटते. मी वाट बघते नोव्हेंबरची. पेन्शनर हयातीच्या दाखल्याला येतात. शेतात राबून ज्यांचे ठसे झिजलेत त्यांचं बोट मशीन ओळखत नाही, मग मोबाइलवर चेहरा जुळवायचा. "आजोबा, पापणी लववा" असं म्हणत मी प्रत्येकासमोर बसते. काउंटरला गर्दी असली तरी ते काम दुसऱ्या कोणाला देत नाही.

आधी कॉल सेंटर, ऐरोली
सगळ्यांचं वाचलं. मला उलट सांगायचंय. मी सात वर्षं रात्रपाळी निभावली आणि तीच माझी चूक झाली. झोप गेली, एकतिसाव्या वर्षी बीपीची गोळी लागली. दर कॉलचे सेकंद मोजले जायचे, म्हणून पाणी कमी प्यायचे, उठायला नको. ब्रेकमध्ये श्वासाचे व्यायाम, डेस्कवर रोपटं, सगळं केलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस?" आणि मला उत्तर देता आलं नाही. आता दिवसाची नोकरी आहे, पगार जवळजवळ निम्मा. घर बदलावं लागलं. ज्यांचं शरीर बोलायला लागलंय त्यांनी कृपा करून आधी तपासणी करून घ्या, निभावण्याचं नंतर बघा.

ऑपरेटर, चाकण
ताई, पाणी कमी प्यायचं वाचून थांबलो. आमच्याकडे लाइनवर हेच चालतं.
मला चार वर्षं आठ महिने झालेत. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी नक्की, म्हणून थांबलोय. बायकोला तारीख सांगून ठेवलीय, ती माझ्यापेक्षा नीट मोजते. रविवारी मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकतोय. आत्ता थर्ड शिफ्टच्या बसमध्ये आहे, गेट आलं. उरलेलं सकाळी लिहितो.