मदत हवी आहे: आई-बाबांची पहिलीच जपानवारी

नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच टोकियो-क्योतोला चाललोय. आई पक्की शाकाहारी. साध्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो, हे कळल्यापासून तिचा जीव खालीवर होतोय. रोज संध्याकाळी आम्ही ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मांस-मासे खात नाही, हे घोकतोय. मेतकूट, थेपले, भाजलेला रवा बांधून ठेवलाय. पण तिथली वीज 100 व्होल्टची. आपल्या 230 व्होल्टच्या किटलीला पाचवा हिस्साही ताकद मिळणार नाही. मग तिथेच घ्यावी का? बाबांच्या रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी कुणाला दाखवावी लागली का? घरच्या ज्येष्ठांना कुणी नेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, आईला वाचून दाखवणार आहे.