कॅनडाची थंडी दाराबाहेर, मेलबर्नची घरात: मग राहायला बरं कुठे?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घोंगडी

परदेशी स्थायिक व्हायचा विचार सुरू झाला की आधी तापमानाचे तक्ते उघडले जातात. टोरांटोचा जानेवारी सरासरी उणे ४ च्या आसपास, विनिपेगचा उणे १६. मेलबर्नचा जुलै दिवसा १४, पहाटे ६-७. ऑकलंड त्याहूनही सौम्य. तेवढ्यावर ठरतं: थंडी झेपणार नाही, तेव्हा ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड. माझं स्पष्ट मत आहे की हा निर्णय चुकीच्या आकड्यावर घेतला जातो. हिवाळ्यात माणूस दिवसाचे वीसहून जास्त तास छपराखाली असतो. बघायचा तो घरातला आकडा.

टोरांटोत हीटिंग घरमालकाच्या हातात असेल, तर हिवाळाभर भाड्याचं घर किमान २१ अंशांवर ठेवणं त्याला बंधनकारक आहे. न्यूझीलंडमध्ये नव्या घरांना इन्सुलेशनची, म्हणजे भिंती-छतात ऊब राखणाऱ्या थराची, सक्तीच १९७८ मध्ये आली. त्याआधीची एकेरी काचेची, फळ्यांच्या जमिनीखालून वारा खेळणारी लाकडी घरं आजही भाड्याने मिळतात. 'हेल्दी होम्स'चे नियम २०१९ मध्ये आले, पण सगळ्या खासगी भाड्याच्या घरांना लागू व्हायला १ जुलै २०२५ उजाडला. त्यातही हीटरची अट फक्त मुख्य बैठकीच्या खोलीपुरती: ती १८ अंशांपर्यंत तापवण्याची ताकद असलेला हीटर बसवलेला हवा. झोपायच्या खोल्यांना ही अट नाही, आणि वीजबिल भाडेकरूचं.

एकेरी काच म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो. बाहेर ५ अंश, आत १८, आर्द्रता ६५ टक्के. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याखाली हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं ते तापमान, साधारण ११ अंश. एकेरी काच आतून ८ अंशांवर येते, म्हणजे रात्रभर तिच्यावर पाणी जमतं, सकाळी चौकटीत उतरतं आणि काही आठवड्यांत पडद्यामागे काळी बुरशी धरते. त्याच हवेत दुहेरी काच १३ च्या वर राहते, पाणी सुटत नाही. लहान मुलांच्या छातीला ही बुरशी बाहेरच्या बर्फापेक्षा जास्त बाधते.

दक्षिणायन

सहमत नाही. तुम्ही दक्षिण गोलार्धातलं सर्वात जुनं घर घेतलंत आणि कॅनडातलं नीट चालणारं.

मेलबर्नच्या घरातली थंडी बऱ्याच अंशी काढता येते. बाहेरचे उणे २० कोणालाच काढता येत नाहीत. आपली माणसं घर निवडताना पहिली चूक दिशेची करतात. आपल्याकडे थंडीतलं ऊन दक्षिणेकडून येतं, तिथे ते उत्तरेकडून येतं. बैठकीच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी असेल तर जुलैतल्या निरभ्र दुपारी हीटर बंद ठेवता येतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या घराला हिवाळाभर थेट ऊन मिळतच नाही, आणि नेमकी हीच घरं सवयीने पसंत केली जातात.

दुसरं, रिव्हर्स सायकल एसी, म्हणजे थंडीत खोली गरमही करणारा. एक युनिट विजेत तीन किंवा जास्त युनिट उष्णता घरात येते. प्लगचा हीटर एका युनिटला एकच देतो. तिसरं, फटी. दाराखाली पट्टी, खिडकीला रबराची सील, जमिनीपर्यंत जाड पडदा आणि वरून पडदापेटी, म्हणजे काचेजवळ गार झालेली हवा खोलीत उतरत नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. जुन्या घरांत भिंतीला कायमची उघडी जाळी असते. घरात गॅस हीटर असेल तर ती बुजवायची नाही, कार्बन मोनॉक्साइड कोंडतो.

ऑस्ट्रेलियात घर किती कमी खर्चात उबदार-गार राहतं त्याला तारे देतात; नव्या घरांना आता ७ तारे हा किमान दर्जा आहे, आधी ६ होता. आणि आर-मूल्याची, म्हणजे इन्सुलेशन उष्णता किती अडवतं त्या आकड्याची, तुलना करताना एकक बघा. न्यूझीलंडचं छताचं ६.६ आणि ओंटारिओचं ६० हे वेगवेगळ्या मापातले आकडे आहेत. ६.६ ला ५.६८ ने गुणलं की साडेसदतीस येतात. ओंटारिओ पुढे आहेच, पण नऊ पटींनी नाही.

घोंगडी

दिशेचा मुद्दा पूर्ण मान्य. एककाचाही. पण हे सगळं घरमालकाने करू दिलं तर. भाडेकरू खिडकीची काच बदलू शकत नाही.

मोजपट्टी

घोंगडी यांच्या मांडणीत कॅनडातल्या उबेचा हिशेब अर्धाच आलाय. ती ऊब राखावी लागते, आणि स्वतःचं घर असेल तर कामं तुमचीच.

ऑक्टोबर संपायच्या आत अंगणातल्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करून नळी रिकामी करायची. राहून गेलं तर पाणी गोठून पाइप भिंतीत फुटतो, आणि बर्फ वितळेपर्यंत कळतही नाही. फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा. नव्या फर्नेसचा धूर बाजूच्या भिंतीतून प्लास्टिकच्या पाइपने बाहेर जातो. बर्फ साचून त्याचं तोंड बुजलं की फर्नेस बंद पडते, म्हणून मोठ्या हिमवर्षावानंतर आधी ते तोंड मोकळं करायचं, मग गाडी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. बाहेर उणे २० असताना फर्नेस थांबली तर नळ बारीक धारेने सोडून ठेवायचे. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

गाडीचं वेगळंच. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं, पकड जाते. हिवाळी टायरचा पूर्ण संच लागतो, क्वेबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च कायद्यानेच. काच धुवायचं द्रव उणे ४० पर्यंत न गोठणारं. प्रेअरीत, म्हणजे विनिपेगकडच्या सपाट मुलखात, इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर रात्री प्लगला. रस्त्यावरच्या मिठाने गाडीचा तळ गंजतो.

आणि वारा विसरू नका. उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा असला की अंगाला ते उणे ३३ लागतं, उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. बसथांब्यावर मूल घेऊन उभं राहणाऱ्याला घरातले २१ अंश कामाचे नाहीत.

पागोळी

तापमानावरच भांडण चाललंय, उजेडाबद्दल कोणीच बोलत नाही. पुण्यात वर्षातला सर्वात लहान दिवसही अकरा तासांचा. मेलबर्नला साडेनऊ, टोरांटोत नवाला थोडा कमी, लंडनला आठाच्याही आत, एडिनबरोत सात. डिसेंबरात लंडनचा सूर्य भर दुपारी क्षितिजावर जेमतेम १५ अंश चढतो, तोही ढगाआड. नोकरदार अंधारात निघतो, अंधारात परततो. मन खचतं ते याने, गारठ्याने नव्हे.

'लंडनला फार पाऊस' हाही गैरसमज. वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. सिडनीत लंडनच्या दुप्पट पडतो. लंडनचा पाऊस थोडाथोडा वर्षभर झिमझिमतो आणि ऊन्हाचे तास खातो, त्रास त्याचा आहे.

ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगितलं जातं. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. आपण त्यातच मोडतो, तरी हे आपल्या घरांतून फार दुर्लक्षित राहतं.

घरातल्या ओलीबद्दल: एका धुण्यातून दोनएक लिटर पाणी हवेत जातं. खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवल्या की बुरशी अटळ. कपडे एकाच खोलीत, दार लावून, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) चालू ठेवून वाळवायचे.

दक्षिणायन

उजेडाचा मुद्दा आमच्याच बाजूचा! साडेनऊ तास, आणि त्यातलं बरंच ऊन.

मोजपट्टी

ते ऊन फुकट नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मेलानोमाचं (त्वचेच्या एका घातक कर्करोगाचं) प्रमाण जगात सर्वाधिक आहे. उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि ३ पासूनच संरक्षण घ्यायला सांगतात. प्रौढाला पूर्ण अंगासाठी साधारण ३५ मिलिलिटर, म्हणजे सात चमचे सनस्क्रीन लागतं, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी आणि दर दोन तासांनी पुन्हा. सावळ्या कातडीला मेलानोमाचा धोका गोऱ्यांपेक्षा कमी असतो, पण 'आपल्याला काही होत नाही' असं समजणं धोक्याचं.

उष्म्याचं म्हणाल तर ४ जानेवारी २०२० ला सिडनीजवळच्या पेन्रिथमध्ये ४८.९ अंश. पण सौम्य म्हणवणाऱ्या ब्रिटिश कोलंबियातही २९ जून २०२१ ला लिटनला ४९.६ झाले, आणि त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं दगावली, बहुतेक स्वतःच्या घरात. उष्णता कोंडून धरणाऱ्या घरात एसी नसेल तर काय होतं, हे घोंगडी यांनी लक्षात घ्यावं. इंग्लंडमध्येही १९ जुलै २०२२ ला कोनिंग्सबीत ४०.३ नोंदले गेले. पश्चिमेला तोंड असलेला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट तिथे उन्हाळ्यात नको.

आडवाट

हवामान महत्त्वाचं, पण राहणीमान सुट्ट्यांवर आणि दवाखान्यावर जास्त ठरतं. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्ट्या धरून वर्षाला २८ दिवस पगारी रजा कायद्याने. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंडमध्ये चार आठवडे, सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. ओंटारिओत दोनच आठवडे, पाच वर्षांनंतर तीन. अमेरिकेत पगारी रजेचा केंद्रीय कायदाच नाही, सगळं मालकाच्या मर्जीवर. आई-वडिलांना भेटायला तीन आठवडे पुण्याला यायचं असेल तर हा फरक थंडीहून मोठा आहे.

ब्रिटनची आरोग्यसेवा 'मोफत' धरून चालणाऱ्यांनी व्हिसाचा आरोग्य अधिभार मोजावा: फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. दोन प्रौढ, दोन मुलं, पाच वर्षं: १८,११० पौंड, तेही अर्जासोबत आगाऊ. आरोग्य व सेवा क्षेत्राच्या व्हिसाला यातून सूट आहे. न्यूझीलंडमध्ये डॉक्टरकडे जायला पैसे पडतात, पण अपघाताच्या दुखापतीच्या उपचारांना 'एसीसी' या सरकारी अपघात-विमा योजनेचं संरक्षण १९७४ पासून आहे, पाहुण्यालासुद्धा.

घोंगडी

एसीचा मुद्दा बरोबर, तो मी धरला नव्हता. लिटननंतर उन्हाळ्याच्या सोयीशिवाय कॅनडातलं घर चांगलं म्हणता येणार नाही. रजेचंही मान्य. घरातल्या आकड्याबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

दक्षिणायन

मग निदान एवढं करू: मेलबर्न किंवा ऑकलंडला घर बघायला जायचं ते हिवाळ्यातल्या सकाळी आठच्या सुमाराला, पाहणीची वेळ मागून घेऊन. पडदा बाजूला करून काचेच्या खालच्या चौकटीवर बोट फिरवायचं. कपाटात, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात वास घ्यायचा. नुकताच रंग दिलेला एखादाच कोपरा दिसला तर का दिला ते विचारायचं. न्यूझीलंडमध्ये भाडेकरारासोबत 'हेल्दी होम्स'चं निवेदन मागायचं, त्यात इन्सुलेशन आणि हीटरची ताकद लिहिलेली असते. आणि होकायंत्र न्यायचं.