स्वयंपाक करता करता काम बदलायचं मनात आलं, तो दिवस

सांजसावली:
आज सुट्टी. दुपारसाठी वाटाणे सोलत बसले होते. शेंग दाबली की 'टप्प' होतं ना, त्या आवाजाने एकदम लहानपणात गेले. बाबा असेच खाली बसून वाटाणे सोलत होते आणि मी शेजारी बसून कच्चेच खात होते. मान वर न करता ते आईला म्हणाले, "मला आता तिथे जावंसं वाटत नाही." आईने हातातला डाव तसाच धरून विचारलं, "किती महिने निघतील आपले?" बस्स, एवढंच. चिडली नाही, रडली नाही. बाबा सोलता सोलता बोटांवर मोजायला लागले. वर्षभराने त्यांनी खरंच नोकरी सोडली.
हिशेबाच्या कामात 11 वर्षं काढून मी आज तिथेच येऊन बसलेय. मला शिकवायचंय. आज घरात सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात लेक आला, "जेवायला काय आहे?" आणि राहिलं.
तुमचं झालंय असं? त्या दिवशी गॅसवर काय होतं तेही लिहा.

पाऊलवाट:
कणीक मळत होते. हात धुतले आणि राजीनामा फोनवर लिहूनच टाकला. मग म्हटलं कणीक मुरायला ठेवतो तसा हाही ठेवू. पाच आठवडे ठेवला. तेवढ्यात वरिष्ठांबद्दलची रागाची दोन वाक्यं काढली. फार बरं झालं, कारण नव्या ठिकाणी त्यांचंच शिफारसपत्र लागलं.

निळाई:
अगदी अगदी! अवांतर: कणीक लगेच लाटली की आक्रसते, कारण मळताना ग्लुटेन ताणलेलं असतं, ते सैल व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. माझा अनुभव नंतर लिहिते, दूध ठेवलंय.

उंबरा:
मी उलट्या बाजूने लिहितो. घरी रांधायची इतकी आवड की संगणकाचं काम सोडून स्वयंपाकीच व्हायचं ठरवलं होतं. बायको म्हणाली, "आधी बघून तर ये." ओळखीच्या एकांच्या मोठ्या स्वयंपाकघरात तीन महिने दर शनिवार-रविवार गेलो. पहिल्या दिवशी फक्त कांदे. पोतंभर. डोळ्यांचं पाणी थांबेना. शेजारच्या मावशींनी माझी सुरी काढून घेतली, धार लावली आणि परत हातात दिली. बोथट पात्याने कांदा चिरडतो, जास्त पेशी फुटतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो. घरी एवढी वर्षं चिरून मला हे माहीत नव्हतं. तर्जनीच्या मुळाशी, पात्याची पाठ टेकते तिथे, आधी फोड आला, मग घट्टा पडला. तो अजून आहे. पण खरं शिकलो ते वेगळंच. घरी मी चवीसाठी करायचो, ताटातला पहिला घास घेणाऱ्याचं तोंड बघायला. तिथे ते तोंड कधी दिसतच नाही. तिसऱ्या महिन्यात मला ते कळलं आणि मी संगणकाचं काम सोडलं नाही. पश्चात्ताप नाही. गेलो नसतो तर आयुष्यभर हुरहुर राहिली असती.

पानोपानी:
उंबरा, मावशींसाठी साष्टांग.

निळाई:
दूध गेलं उतू. लिहिता लिहिताच. सगळी शेगडी माखली.

चष्मा:
निळाई, वर प्रथिनं आणि स्निग्धाची साय धरते, खालची वाफ कोंडते आणि फेसासकट सगळं वर येतं. मधूनमधून ढवळायचं. पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवलं तर फेस थोडा मोडतो, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

रातराणी:
नर्स होते. रात्रपाळी करून सकाळी आले, मुलांसाठी मऊ भात लावला आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या झोपले. करपल्याच्या वासाने जाग आली. थोरली म्हणाली, "आई, वरवरचा चांगला आहे, आम्ही खाऊ." तिच्या त्या वाक्यावर मी दिवसपाळीचं काम शोधायला लागले. आता नव्या नर्सना शिकवते. जमेल गं सांजसावली तुला.

सांजसावली:
रातराणी, डोळ्यांत पाणी आलं.

चौकट:
सांजसावली, तुमच्या आईचा प्रश्न लाखमोलाचा आहे. उत्तर काढताना पगार धरू नका, खर्च धरा. तीन महिने रोजचा खर्च लिहा, आठवणीवर विसंबू नका. वर्षातून एकदा येणारे, म्हणजे विमा, फी, दुरुस्त्या, यांना बाराने भागून दरमहा मिळवा. आरोग्यविमा कंपनीकडून असेल तर नोकरीबरोबर तोही सहसा जातो, तो खर्च आधीच धरा. निदान सहा महिने निघतील एवढं बाजूला असावं, एकच मिळवतं माणूस असेल तर जास्त.

ओसरी:
मी नाही सोडलं. डाळ शिजेपर्यंत वहीत लिहून काढलं की नेमकं काय नको आहे. काम नकोसं झालेलं नव्हतं, फक्त सततचा प्रवास नको होता. तेवढंच मागितलं, चार महिन्यांनी मिळालं. कुठेच न जाणं हेही ठरवणंच असतं, तेही इथे लिहिलेलं असू दे.

पाऊलवाट:
ओसरी +1. वही कुठली, साधीच ना? मीपण घेते.

सांजसावली:
जेवणं झाली. वाटाण्याची उसळ सगळ्यांना आवडली. ताटं उचलताना नवऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारलं, "किती महिने?" त्याला आई-बाबांची गोष्ट मी कधीच सांगितली नव्हती. चौकट, वही काढलीय. आज रात्रीच बसतोय दोघं.

निळाई:
शेगडी पुसून झाली. आता लिहिते माझं. त्या दिवशीही दूधच होतं.