पन्नास हजारांत सोन्याच्या निबचे शाईचे पेन : खरा भाव कसा ओळखावा?

परभणीची वकील

नमस्कार. मी परभणी येथे गेली एकोणीस वर्षे वकिली करते. दाव्याचा कच्चा मसुदा आजही मी आधी फूलस्केप कागदावर हाताने लिहिते आणि त्यानंतरच तो टंकलेखनाला देते. हे सारे लेखन शाईच्या पेनानेच होते. आजवर साध्या पोलादी निबची पेने वापरली, त्यांतली दोन तर वडिलांनी कॉलेजात असताना घेऊन दिलेली आहेत. आता मात्र पेलिकन कंपनीचे एम ८०० हे हिरव्या पट्ट्यांचे पेन घ्यावे, असे गेली तीन वर्षे मनात आहे आणि त्यासाठी ५०,००० रुपये बाजूला काढून ठेवले आहेत.

अडचण अशी आहे, की एकाच पेनाचे इतके वेगवेगळे भाव कानावर येत आहेत की खरा कोणता हे कळेनासे झाले आहे. मुंबईच्या अधिकृत विक्रेत्याने सांगितलेली किंमत माझ्या रकमेच्या बरीच वर जाते. जर्मनीतल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर तेच पेन माझ्या रकमेत बसते, आणि परदेशात पाठवताना तिथला कर वजा होत असल्याने आकडा आणखी खाली येतो. याशिवाय समाजमाध्यमावर एका गृहस्थांनी माँब्लाँ या महागड्या पेनांच्या कंपनीचे १४९ हे पेन ‘दुकान बंद करत असल्याने’ ११,००० रुपयांत देऊ केले आहे. ते शेवटचे मला फारसे पटलेले नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगताही येत नाही.

आपल्या भागात अशी पेने हातात घेऊन पाहण्याची सोय जवळपास नाही. ज्यांनी अशी खरेदी केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. घाई मुळीच नाही, पण एवढी रक्कम मी पुन्हा पुन्हा खर्च करू शकणार नाही.

गोदाकाठचा लेखनिक, नांदेड

वकीलताई, जर्मनीतल्या दुकानाबद्दल आधी लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलो नाही तरी माझा हिशेब मात्र फसला होता.

युरोपातल्या दुकानांनी लावलेल्या किमतीत तिथला मूल्यवर्धित कर धरलेला असतो, जर्मनीत तो १९ टक्के आहे, आणि माल युरोपीय संघाबाहेर जाणार असेल तर बहुतेक दुकाने तो वजा करतात. इथपर्यंतचे आपले म्हणणे बरोबर आहे. पण पार्सल भारतात उतरल्यावर सीमाशुल्क आकारले जाते, आणि ते केवळ पेनाच्या किमतीवर नसून पेनाची किंमत, टपालखर्च आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर असते. त्या शुल्कावर अधिभार बसतो आणि मग या सगळ्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी लागतो. म्हणजे कर हा आधीच्या करासहित मोजला जातो, आणि आपण मनातल्या मनात केलेली टक्केवारी नेहमीच कमी पडते.

काही वर्षांपूर्वी मी असेच एक पेन मागवले होते. पेनाचे ३१,००० आणि टपालाचे २,५०० रुपये झाले. पार्सल अकरा दिवस सीमाशुल्क विभागात अडकून राहिले, त्यानंतर ओळखपत्राची प्रत मागितली गेली आणि शेवटी कर म्हणून १४,००० रुपयांच्या वर रक्कम भरावी लागली. कुरिअर कंपनीने कागदपत्रे हाताळल्याचे पैसे वेगळे घेतले. घरात पेन आले तेव्हा ते ४८,००० च्या पुढे गेले होते, आणि मुंबईतल्या अधिकृत विक्रेत्याने तेच पेन मला ४७,००० ला सांगितले होते. एवढे करून निब कोरडी निघाली. रेघ मध्येच तुटत होती. ती दुरुस्त करून घ्यायची तर पेन पुन्हा जर्मनीला पाठवावे लागणार होते, तेही माझ्याच खर्चाने. मुंबईत घेतले असते तर दुकानात जाऊन त्याच दिवशी दाखवता आले असते.

शुल्काचे दर बदलत असतात, त्यामुळे माझा आकडा प्रमाण मानू नका. मागवण्याच्या आठवड्यातला दर पाहूनच हिशेब मांडा. भारतीय विक्रेत्याच्या किमतीत मात्र हे सगळे कर आधीच आलेले असतात, म्हणून तुलना संकेतस्थळावरच्या आकड्याशी न करता घरपोच पडणाऱ्या आकड्याशी करावी.

नात्यातले कोणी परदेशातून येणार असेल, तर त्यांच्या सामानातून पेन आणवणे हा चांगला मार्ग आहे. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्कात सूट असते. जपानमध्ये पर्यटकांना १० टक्के उपभोग करही वाचवता येतो, त्यामुळे पायलट, सेलर, प्लॅटिनम ही जपानी पेने तिथून आणलेली पुष्कळ स्वस्त पडतात.

जालन्याचा जुना पेनवेडा

वकीलसाहेबा, ११,००० रुपयांचे १४९ कृपया घेऊ नका. ते आपल्याला का पटले नाही, ते मी सांगतो.

माँब्लाँचे १४९ हे १९५२ पासून चालत आलेले पेन आहे. त्याची निब १८ कॅरट सोन्याची असते आणि तिच्यावर ४८१० हा आकडा कोरलेला असतो, जो माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची म्हणून घेतलेला आहे. नकला करणारे हा आकडा आणि टोपणावरचा पांढरा तारा दोन्ही हुबेहूब उतरवतात, म्हणून त्यांवर विसंबून उपयोग नाही. त्यांना उतरवता येत नाही ती आतली रचना. अस्सल १४९ मध्ये शाई भरण्यासाठी पिस्टन असतो. मागचा गोल भाग फिरवला की तो पिस्टन खाली उतरतो आणि उलट फिरवला की शाई ओढून घेतो. बहुतेक नकलांचे नळकांडे मधोमध उघडते आणि आत शाईचे साधे काडतूस (शाईने भरलेली बदलता येणारी नळी) किंवा शाई ओढून घेणारी सुटी नळी सापडते. मात्र त्याच मालिकेतले १४५ हे लहान पेन अस्सल असूनही काडतुसावर चालते, त्यामुळे ही खूण १४९ आणि याच मालिकेतले १४६ यांच्यापुरतीच धरावी. अस्सल पेनाच्या क्लिपच्या कड्यावर क्रमांक असतो. काळ्या नळकांड्यामागे प्रखर विजेरी धरली, तर ते गर्द लालसर दिसते. मी हे अंधाऱ्या खोलीत स्वतः करून पाहिले आहे. नकली पेन काळेच्या काळे राहिले आणि अस्सल पेनाच्या कडेला जांभळाच्या सालीसारखी लाली चढली.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत आणि आयातदाराचे नाव व पत्ता छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. विक्रेत्याला त्या चिठ्ठीचे आणि हमीपत्राचे छायाचित्र मागा. जीएसटीसह पक्के बिल मागा. जो गृहस्थ बिलाचे नाव काढताच भाव आणखी हजाराने उतरवतो, त्याच्याशी पुढे बोलू नये.

आणि कमाल किरकोळ किंमत ही कमाल असते, हे आपल्याला मी सांगायला नको. अधिकृत विक्रेत्याकडेही विचारावे. जुना रंग, बंद होत आलेली आवृत्ती, काचेच्या कपाटात ठेवलेले पेन, यांवर तो अनेकदा मनापासून सवलत देतो. लाजू नये. सराफाकडे आपण घडणावळीवर बोलतोच की.

निबवाली, छत्रपती संभाजीनगर

ताई, वरच्या दोघांनी पैशांचे नीट सांगितले आहे. मला थोडे निबबद्दल लिहायचे आहे, कारण हातात न बसणारे पेन निम्म्या भावात मिळाले तरी ते महागच पडते, आणि आपल्याला रोज पानेच्या पाने लिहायची आहेत.

आपण देवनागरी लिहिता, हे खरेदी करताना विसरू नका. युरोपीय पेनांची निब जपानी निबपेक्षा एका पायरीने जाड लिहिते. जपानी ‘एफ’ (बारीक) साधारण युरोपीय ‘ईएफ’ (अतिबारीक) इतकी बारीक असते. एम ८०० ची निब मोठी आणि सढळ शाई सोडणारी आहे. तिच्यातली ‘एम’ (मध्यम) निब घेतली आणि आपले अक्षर लहान असेल, तर ‘भ’ आणि ‘ध’ च्या गाठी भरून जातात, ‘ष्ट्य’ सारखे जोडाक्षर एक डाग होऊन बसते आणि अनुस्वार शिरोरेघेला जाऊन चिकटतो. माझ्याकडे असेच एक पेन दोन वर्षे डबीत पडून होते. पुढे त्याची निब बदलून ‘एफ’ बसवली आणि आता मी रोज त्यानेच लिहिते. पेलिकनचा मोठा गुण हाच आहे, की निबचा पूर्ण संच आटे फिरवून बाहेर निघतो.

याच गुणामुळे एक काटकसरीचा मार्गही निघतो. पेलिकनचे एम २०० आणि एम ४०० आकाराने सारखेच आहेत. एम २०० ला पोलादी निब असते आणि एम ४०० ला १४ कॅरट सोन्याची, पण दोन्हींचे संच एकमेकांत बसतात. आज एम २०० घेऊन पुढे केव्हातरी सोन्याची निब बसवता येते. अर्थात एम ८०० चा पितळी पिस्टन आणि त्याचे ते हाताला जाणवणारे वजन यात मिळणार नाही.

आपण अजून पाहिले नसेल तर पायलटचे कस्टम ८२३ जरूर पाहा. ते एम ८०० पेक्षा स्वस्त असते. मागची दांडी ओढून खाली दाबली की आत निर्वात पोकळी तयार होते, आणि दांडी तळाला पोचताच शाई एका झटक्यात वर चढते. तो क्षण मी आजही प्रत्येक वेळी थांबून पाहते. फक्त लांबलचक मजकूर लिहिताना मागची चकती थोडी सैल करावी लागते, नाहीतर शाईचा मार्ग बंद राहून निब कोरडी पडते. कोर्टात दिवसभर थोडे थोडे लिहायचे असेल, तर प्लॅटिनमचे ३७७६ सेंच्युरी बरे. त्याच्या टोपणात आतून एक झाकण दाबून बसते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांच्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हातही निबवरची शाई वाळत नाही. फुजी पर्वताची उंची ३७७६ मीटर, त्यावरून ते नाव आले आहे.

पेन पाहायला पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हैदराबाद कधीच परके नव्हते. देवगिरी एक्सप्रेस परभणीहून थेट सिकंदराबादला जाते. हैदराबादच्या आबिद्स भागातले डेक्कन पेन स्टोअर्स हे जुने दुकान आहे, तिथे मला निब बुडवून निवांत लिहून पाहता आले. हवे ते मॉडेल आहे का, हे मात्र आधी फोन करून विचारा.

परभणीची वकील

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. ११,००० वाल्या गृहस्थांना आयातदाराच्या चिठ्ठीचे छायाचित्र मागितले, तेव्हापासून त्यांचे उत्तर आलेले नाही. जर्मनीचा हिशेब आजच्या दराने मांडून पाहिला, तेव्हा मुंबईच्या किमतीशी फरक जेमतेम अडीच हजारांचा उरला, आणि तेवढ्यासाठी हमी सोडणे मला योग्य वाटत नाही. पुढच्या महिन्यातल्या सुटीत हैदराबादला जाऊन एम ८०० ची ‘एफ’ निब आणि कस्टम ८२३ ही दोन्ही पेने शेजारी शेजारी लिहून पाहणार आहे. जाताना सोबत काय न्यावे?

निबवाली, छत्रपती संभाजीनगर

आपला नेहमीचा फूलस्केप कागद न्या. दुकानातला गुळगुळीत कागद सगळ्याच निबांना गोड दाखवतो. आमच्या जवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मी एकदा हौसेने नेला होता, पण त्यावर शाई इतकी पसरली की निब बारीक की जाड हेच कळेना. दोन्ही पेने एकाच दौतीत बुडवा, म्हणजे फरक शाईचा नसून निबचाच दिसेल. बुडवलेली निब पहिल्या चार-पाच ओळी नेहमीपेक्षा ओली लिहिते, म्हणून सही करून थांबू नका. एखाद्या जुन्या मसुद्याचे अर्धे पान तरी उतरवा आणि शेवटच्या ओळींतल्या ‘भ’ आणि ‘ध’ कडे पाहून ठरवा.