शब्दचर्चा : ‘जुन्या सिस्टीम फायली’ म्हणावं का?

प्रश्न : विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून आमच्या कार्यालयातले संगणक विंडोज ११वर नेले. आता सी ड्राइव्ह भरलाय. सहकाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहितोय. ‘जुन्या सिस्टीम फायली साफ करा’ हे वाक्य बरोबर वाटतं का?

प्रतिसाद १ : ‘जुन्या’ काढाच. वाचणारा तारीख बघून फायली उडवेल. विंडोज फोल्डरमध्ये कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख असलेल्या फायली रोज वापरात असतात. तुम्हाला म्हणायचंय ते ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर, म्हणजे नवं टाकताना बाजूला ठेवलेलं ‘आधीचं विंडोज’. ते दहा-वीस जीबी सहज खातं. मराठीत केर वेगळा, अडगळ वेगळी. टेम्पररी फायली हा केर, तो बेलाशक काढावा. विंडोज.ओल्ड ही अडगळ, कारण नवं विंडोज पटलं नाही तर १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं ते तिच्याच जोरावर. मुदत संपली की विंडोज ती आपणहून काढतं. जागेची फारच निकड असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर खूण करायची. त्यानंतर परतीची वाट बंद, हे ठळक लिहा. आणि त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं! तिथे चुकून खूण झाली तर उतरवून ठेवलेली बिलं, दाखले सगळं जाईल.

प्रतिसाद २ : ‘विनएसएक्सएस’चाही उल्लेख हवा. ते विंडोज फोल्डरमधलं, विंडोजच्या सुट्या भागांचं कोठार आहे. हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलला दिलेल्या जादा नावामुळे, एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, मोजलीही दोनदा जाते, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. त्यात हात घातला तर अपडेट अडतात, कधी संगणक सुरूच होत नाही. विंडोजमधल्याच डिस्क क्लीनअप या सफाईच्या साधनातलं ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ तिथली जागा नीट मोकळी करतं.

प्रतिसाद ३ : ‘साफ करा’ही नको. घर साफ करतो तसं ताटही साफ करतो. ‘काढून टाका’ लिहा.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘आधीचं विंडोज नको असल्याची खात्री झाल्यावर ते स्टोरेजच्या यादीतून काढून टाका. विंडोज फोल्डर उघडून हाताने काहीही काढू नका.’

प्रतिसाद १ : छान. फक्त ‘आपली सगळी कागदपत्रं जागेवर आहेत का ते आधी पाहा’ एवढं जोडा. एखादी फाइल नव्या विंडोजमध्ये आली नसेल, तर विंडोज.ओल्डमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये सापडू शकते.