मदत हवी आहे: बायकांना पेनकिलर कमी लागू पडतात का? (आईचं गुडघ्याचं ऑपरेशन)

नमस्कार मंडळी,

आईचा (वय ६४) उजवा गुडघा मार्चमध्ये बदलला. डावा पुढच्या महिन्यात ठरलाय आणि आता ती नकोच म्हणतेय. ऑपरेशनचं काही नाही, त्यानंतरच्या दोन रात्रींची धास्ती घेतलीय तिने.

बाबांचं (वय ७०) हेच ऑपरेशन गेल्या वर्षी याच हॉस्पिटलात झालं. दोघांनाही सलाइनमधून ट्रामाडॉल (मॉर्फिनच्या जातीचं पेनकिलर) आणि पॅरासिटामॉल. बाबा दुसऱ्या दिवशी चहा-बिस्किट खात पेपर वाचत होते. आई रात्रभर ओकत होती. उलटीचं इंजेक्शन दिलं, उलट्या थांबल्या, पण दुखणं आणखी वाढलं. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "बायका जरा बाऊच करतात." तीन बाळंतपणं हूं की चूं न करता काढलेल्या बाईला!

नेटवर एकीकडे लिहिलंय की मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचा बायकांना जास्त गुण येतो, दुसरीकडे नेमकं उलट. खरं काय? सोमवारी भूलतज्ज्ञांकडे फिटनेससाठी जायचंय. काय विचारू?

कोरांटी: सेम! सिझेरियननंतर माझंही असंच झालं होतं. त्या डॉक्टरांचं बोलणं मनावर घेऊ नकोस. आणि मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड नक्की ने, कुठलं औषध कधी दिलं ते दाखवता येईल.

सुईवाला: मी भूलतज्ज्ञ आहे, पण तुमच्या आईंना तपासलेलं नाही. तेव्हा हे फक्त सोमवारच्या प्रश्नांपुरतं धरा.

तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना नालब्युफिन आणि ब्युटॉर्फॅनॉल ही मॉर्फिनच्या जातीची औषधं देऊन पाहिलं, तर बायकांना पुरुषांपेक्षा बराच जास्त आराम पडला. १९९९ साली तर ५ मिलिग्रॅम नालब्युफिन दिलेल्या पुरुषांचं दुखणं नुसत्या खोट्या औषधावर असलेल्यांपेक्षा वाढलं! ही औषधं मुख्यतः कॅपा रिसेप्टरवर चालतात (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची जागा, जिथे औषध जाऊन चिकटतं).

मॉर्फिन चालतं म्यू नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरवर, आणि तिथे सगळाच घोळ आहे. २००० साली नेदरलँड्समध्ये निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात बायकांवर मॉर्फिनचा परिणाम जास्त दिसला, पण तो चढायलाही वेळ लागला आणि उतरायलाही. उलट २००३ च्या सातशे रुग्णांच्या अभ्यासात तेवढाच आराम पडायला बायकांना सुमारे ३० टक्के जास्त मॉर्फिन लागलं. औषध उशिरा चढत असेल तर पहिल्या तासाभरात 'हिला लागूच पडत नाही' असं वाटणारच, असा मी याचा अर्थ लावतो. पुढे फ्रान्समधल्या चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात वयस्कर मंडळींमध्ये हा फरक दिसेनासा झाला.

म्हणून आईंच्या बाबतीत मी स्त्री-पुरुष फरकापेक्षा उलट्यांच्या मागे लागेन. त्याचा अंदाज चार गोष्टींवरून बांधतात: बाईमाणूस, सिगारेट-विडी न ओढणारी, गाडी लागणारी किंवा आधीच्या ऑपरेशननंतर ओकलेली, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीचं औषध मिळणारी. पूर्ण भूल दिलेल्यांत हे चारही जुळले तर शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते.

आता दुसरी गंमत. उलटीचं इंजेक्शन ऑन्डॅन्सेट्रॉनचं होतं का, ते बघा. ट्रामाडॉलचं काही काम सेरोटोनिन या मेंदू-मज्जातंतूंतल्या रसायनामार्फत चालतं आणि ऑन्डॅन्सेट्रॉन तिथेच आडवं येतं. त्या रात्री दुखणं वाढलं ते कदाचित त्यामुळेच, बाऊ केल्यामुळे नव्हे.

सोमवारी विचारा: गुडघ्यापुरता नर्व्ह ब्लॉक (तिथली नसच बधिर करणारं इंजेक्शन) देता येईल का? ट्रामाडॉलला पर्याय काय? उलटीचं औषध आधीच देणार का, आणि कोणतं? शुगर असेल तर तेही सांगा, कारण उलटी टाळायला स्टेरॉइड देतात त्याने साखर वाढते.

बाळू_कोल्हापूरकर: म्हणजे बाबांना विडी पावली म्हणायची? 😄

सुईवाला: उलट्यांपुरती हो. फुप्फुसांचं विचारू नका.

धागाकर्ती: खूप आभार, डॉक्टर! कार्ड काढलं, ऑन्डॅन्सेट्रॉनच आहे, रात्री दोनदा. शुगर नाही. (आणि बाबांनी विडी दहा वर्षांपूर्वी सोडली, बाळूदादा.) गाडी लागते का म्हणून आईला विचारलं तर म्हणाली, "वरंध घाटात दर वेळी कोणासाठी गाडी थांबवतात, भुतासाठी?" सोमवारी जाऊन आले की इथेच लिहिते.